पंखा फिरतो, पडदा काळा

या महिन्याच्या गठ्ठ्यातली निम्म्याहून जास्त पत्रं एकाच वाक्याने सुरू होतात: "परवापर्यंत उत्तम चालत होता." म्हणजे परवा कोणीतरी कॅबिनेट उघडलं. कोणी रॅम वाढवली, कोणी एसएसडी टाकली, कोणी भाच्याच्या जुन्या मशीनमधला प्रोसेसर काढून आपल्यात बसवला. मग बटण दाबलं, पंखा फिरला आणि पडदा काळाच. चिपळुणात माझं दुरुस्तीचं दुकान 1999 पासून आहे आणि असं गिऱ्हाईक आलं नाही असा आठवडा आठवत नाही. बहुतेक वेळा काही जळलेलं नसतं.

एक विनंती. पत्रात नुसतं 'चालू होत नाही' लिहू नका, त्यातून मला काहीच कळत नाही. पंखा फिरतो का? बीप येते का, किती वेळा? बोर्डावर एखादा बारीक दिवा लागून राहतो का? कंपनीचं चिन्ह दिसतं का? चिन्ह दिसलं की प्रोसेसर, रॅम आणि डिस्प्ले तिघंही बहुधा पास झाले असं धरायचं, आणि मग संशय डिस्कवर नाहीतर विंडोजवर घ्यायचा. चिन्हच नाही, तर डिस्क बिचारी निर्दोष. तिच्यापर्यंत पाळीच आलेली नसते. तरी लोक त्या डिस्कचंच फॉरमॅट मारून मोकळे होतात.

प्रश्न : ताई, सादर नमस्कार. मी निवृत्त शिक्षक आहे. माझा संगणक 2014 सालचा, चौथ्या पिढीचा आय-थ्री, एच-81 मदरबोर्ड. फार हळू चालतो म्हणून नातवाने ऑनलाइन 500 जीबीची एनव्हीएमई (नव्या, जास्त वेगवान प्रकारची) एसएसडी मागवली. बोर्डावर तशी जागा नाही म्हणून लांब स्लॉटात बसणारं एक अडॅप्टर कार्डही मागवलं. विंडोजमध्ये ती डिस्क दिसते, नातवाने सी ड्राइव्ह तिच्यावर क्लोनही केला. पण जुनी हार्ड डिस्क काढली की 'रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस' एवढंच येतं. एसएसडी खराब निघाली काय? परत पाठवण्याची मुदत चार दिवसांत संपते.
— एक वाचक, मिरज

उत्तर : गुरुजी, मुदत आहे तोवर परत पाठवा, पण खराब म्हणून नव्हे. एसएसडी धडधाकट आहे. तुमच्या बोर्डाला तिची भाषा येत नाही, इतकंच.

आता तुम्ही विचाराल, मग विंडोजमध्ये दिसते कशी? बटण दाबल्यावर पहिल्यांदा जागा होतो तो बायॉस. विंडोज कुठल्या डिस्कवर आहे ते शोधून तिला हाक मारणं हे त्याचं काम. तुमचा एच-81 हा 2013 च्या पिढीतला. त्या काळच्या घरगुती बोर्डांच्या बायॉसमध्ये एनव्हीएमईवरून बूट करायची सोय सहसा घातलेलीच नसायची. ती सर्रास दिसू लागली त्यानंतरच्या बोर्डांत. विंडोजकडे मात्र स्वतःचा एनव्हीएमई ड्रायव्हर आहे. म्हणून जुन्या हार्ड डिस्कवरून विंडोज एकदा उभी राहिली की तिला नवी डिस्क दिसते. हार्ड डिस्क काढली की उरतो एकटा बायॉस आणि त्याच्या लेखी ते कार्ड म्हणजे रिकामा स्लॉट. पेनड्राइव्हवरून बूट करून ही अडचण टाळण्याच्या युक्त्या आहेत. नातवाला त्या इंटरनेटवर सापडतीलही. तुम्हाला सुचवणार नाही, कारण एक दिवस तो पेनड्राइव्ह कोणीतरी फोटो घालायला काढून नेईल आणि तुम्ही मला पुन्हा पत्र लिहाल.

त्याऐवजी अडीच इंची साटा एसएसडी घ्या, म्हणजे तुमच्या हार्ड डिस्कसारखीच केबलीने जोडायची. एनव्हीएमईइतकी वेगवान नसते, पण तुमच्या कामाला फरक कळणारही नाही. तुमचा संगणक हळू चालतो तो हार्ड डिस्कमुळे. तिच्यात तबकडी फिरते आणि वाचणारा दांडा प्रत्येक फायलीसाठी इकडून तिकडे पळतो. कुठलीही एसएसडी ही पळापळ बंद करते. बसवताना पोर्ट बघा. एच-81 चिपसेटला साटाचे चारच पोर्ट, त्यातले दोन 6 गिगाबिटचे आणि दोन 3 चे. बोर्डावर पोर्टाशेजारी बारीक अक्षरांत छापलेलं असतं, भिंग घ्या. एसएसडी 6 च्या पोर्टात.

नातवाची दुसरी चूक अशी, की त्याने फक्त सी ड्राइव्ह क्लोन केला. सी च्या आधी 'सिस्टम रिझर्व्ड' नावाचा शे-पाचशे एमबीचा एक तुकडा असतो, मशीन नव्या पद्धतीचं असेल तर 'ईएफआय'. विंडोज सुरू करणाऱ्या फायली तिथे असतात. तो तुकडा मागे राहिला तर साटा डिस्कवरूनसुद्धा तुम्हाला हेच इंग्रजी वाक्य दिसेल. क्लोन करायचा तो अख्ख्या डिस्कचा. क्लोननंतर पहिल्यांदा चालू करताना जुनी हार्ड डिस्क काढून ठेवा. नवीवरून एकदा विंडोज नीट उठली की मग जुनी जोडा, आणि आठ-दहा दिवस तिच्यातलं काहीही पुसू नका.

तुम्ही विचारलं नाही तरी सांगते. विंडोज 10 ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला आणि विंडोज 11 ला इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. तुमचा चौथ्या पिढीचा. आमच्याकडे असे संगणक आले की मी लिनक्स मिंट टाकून देते. मराठी टंकन होतं, मेल होतो, नातवंडांचे व्हिडिओ दिसतात. पहिले चार दिवस कुरकुर होते, पाचव्या दिवसापासून फोन येत नाही.

प्रश्न : मॅडम, मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. एएम-5 बोर्ड, डीडीआर-5 च्या 16 जीबीच्या दोन पट्ट्या 6000 च्या वेगाने मस्त चालत होत्या. त्याच मॉडेलच्या आणखी दोन घेतल्या. आता बोर्डावर डीआरएएमचा पिवळा दिवा लागून राहतो, डिस्प्ले नाही. दोन-तीन मिनिटं वाट बघून स्विच बंद करतो, परत चालू करतो. असं पंधरा वेळा तरी केलं. दुकानदार म्हणतो बोर्ड गेला.
— एक वाचक, नांदेड

उत्तर : अरे, पंधरा वेळा! मोदक वाफवायला ठेवले आणि दर दोन मिनिटांनी झाकण उचलून बघितलं तर ते पंधरा वर्षांनीसुद्धा कच्चेच राहतील.

डीडीआर-5 मध्ये रॅम बदलली की बोर्ड आधी प्रत्येक पट्टीशी ताळमेळ बसवतो. कुठला संकेत किती उशिरा पोचतो ते मोजून स्वतःला जुळवून घेतो. याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. ते चालू असताना पडदा काळा असतो आणि रॅमचा दिवा लागलेला असतो, म्हणजे अगदी बिघाड झाल्यासारखं दिसतं. एएम-5 वर हे पहिल्या वेळी काही मिनिटं चालतं, रॅम जास्त असली तर आणखी रेंगाळतं. तू दर वेळी मध्येच वीज तोडलीस, त्याने दर वेळी पहिल्यापासून सुरू केलं.

तेव्हा चारही पट्ट्या असू दे. मागचा स्विच बंद कर, वायर काढ, सीमॉस क्लिअर कर (म्हणजे बायॉसमधल्या निवडी पुसून मूळ स्थितीत आण), मग चालू करून खोलीबाहेर जा. चांगली वीस मिनिटं. मोबाइल घेऊन समोर बसू नकोस, हात शिवशिवतील.

तरीही दिवा तसाच राहिला, तर दोष तुझ्या अपेक्षेत आहे. 6000 चा जो एक्स्पो प्रोफाइल (रॅमला जादा वेगाने पळवणारी बायॉसमधली निवड) तू चालू ठेवलायस तो दोन पट्ट्यांच्या जोडीवर तपासलेला असतो. रायझन 7000 मालिकेला चार पट्ट्या लावल्या तर एएमडी स्वतः 3600 चीच हमी देते. तितक्या वेगाने ते चालेल, 6000 ने बहुधा नाही. दोन पाकिटांवर मॉडेल नंबर एकच असला तरी आतल्या चिपा वेगळ्या निघू शकतात, हे वेगळंच. म्हणून आधी जुन्या दोनच पट्ट्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत लाव. त्या उठल्या की बोर्ड गेला नाही हे दुकानदाराला सांग. मग नव्या दोन एकट्या त्याच खाचांत लावून बघ. त्याही उठल्या तर चारही निर्दोष. मग बायॉस अद्ययावत कर, एक्स्पो बंद ठेव आणि चारही लाव.

तुला 64 जीबी खरंच लागत असेल तर 32 च्या दोन पट्ट्यांची जोडी हा सरळ मार्ग. पण 2025 च्या अखेरीपासून रॅमचे भाव असे चढलेत की मी हे कोणालाही मोकळ्या मनाने सांगत नाही. आधी टास्क मॅनेजर उघडून बघ, 32 तरी भरतात का.

प्रश्न : नवीन ग्राफिक्स कार्ड बसवलं, पंखे फिरतात, डिस्प्ले नाही. कार्ड काढलं की डिस्प्ले येतो. काय करावं?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : मॉनिटरची केबल कुठे लावलीय? कार्ड बसलं की बरेच बोर्ड आपला डिस्प्ले आपोआप बंद करतात. केबल मदरबोर्डच्या उभ्या रांगेतल्या एचडीएमआयमधून काढून खाली कार्डाच्या आडव्या पट्टीतल्या पोर्टात लावा. हसू नका, दर महिन्याला अशी दोन-तीन कार्डं 'डेड' म्हणून माझ्याकडे येतात.

तिथेच असेल तर एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, बघा. स्लॉटातून कार्डाला जास्तीत जास्त 75 वॅट मिळतात. 6 पिनांच्या जोडातून आणखी 75, 8 पिनांच्या जोडातून 150. कार्डावर असा जोड असेल आणि तो रिकामा असेल तर कार्ड उठणार नाही. आणि एसएमपीएसच्या डब्यावर मोठ्या अक्षरांत '450' लिहिलंय म्हणून हुरळून जाऊ नका. लेबलवर 12 व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर आहेत ते वाचा आणि त्याला 12 ने गुणा. 16 अँपिअर असतील तर झाले 192 वॅट, आणि त्यातच प्रोसेसरनेही जेवायचंय.

प्रश्न : ताई, राग मानू नका. मागच्या अंकात तुम्ही लिहिलंत, रॅम बदलल्यावर डिस्प्ले आला नाही तर बोर्डावरचा सेल काढून पाच मिनिटांनी लावा. मी तसं केलं. डिस्प्ले आला! पण आता विंडोज निळा पडदा दाखवते, 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस'. आधी नुसती रॅम चालत नव्हती, आता काहीच चालत नाही.
— एक वाचक, कुडाळ

उत्तर : राग कसला, चूक माझी. सल्ला दिला आणि त्याची दुसरी बाजू लिहायची राहिली.

तो गोल सेल, सीआर 2032 (हा आकडा त्याच्या मापाचाच आहे, व्यास 20 मिलिमीटर आणि जाडी 3.2), फक्त घड्याळ चालवत नाही. जुन्या बोर्डांत बायॉसमध्ये तुम्ही किंवा मशीन बनवणाऱ्याने केलेल्या निवडी त्याच्या जोरावर टिकतात. सेल काढला की त्या पुसल्या जातात आणि बोर्ड कारखान्यातल्या मूळ निवडींवर येतो. त्यातल्या दोन विंडोजला महागात पडतात.

पहिली म्हणजे साटाची पद्धत. तिथे एएचसीआय, रेड आणि जुन्या बोर्डांत आयडीई असे पर्याय असतात. विंडोज ज्या पद्धतीत टाकली होती तीच तिला लागते. बदलली की ती स्वतःचीच डिस्क ओळखत नाही आणि नेमका तुम्हाला दिसला तो निळा पडदा दाखवते. तेव्हा बायॉसमध्ये जा (चालू करताना डिलीट किंवा एफ-2 दाबत राहा), साटा मोड शोधा, आत्ता जो असेल तो सोडून दुसरा निवडा, एफ-10 ने जतन करून बाहेर या. तीनच पर्याय आहेत, एक लागतोच. डेटा यात जात नाही. मधल्या निळ्या पडद्यावर 'रीसेट धिस पीसी' वगैरे जे सुचवलं जातं त्याला मात्र हात लावू नका.

दुसरी निवड लेगसी की यूईएफआय, म्हणजे बूट करायची पद्धत जुनी की नवी. निळा पडदाही न येता 'बूट डिव्हाइस नाही' असं आलं असतं तर मी आधी तिकडे बघितलं असतं. जुन्या पद्धतीने टाकलेल्या विंडोजला सीएसएम (बायॉसमधली जुन्या पद्धतीची सोय) चालू लागतं. नवे बोर्ड ते बंद करून येतात.

घड्याळही दुरुस्त करा. तारीख मागे गेलेली असली की बँकेच्या आणि मेलच्या साइट उघडत नाहीत आणि लोक इंटरनेटवाल्याला शिव्या देत बसतात.

सगळ्यांसाठी दुरुस्ती: सेल काढायच्या आधी बायॉसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलने फोटो घ्या. डिस्प्लेच नसल्यामुळे फोटो घेता येत नसेल तर जुनी रॅम परत लावा, डिस्प्ले आणा, फोटो घ्या, मग सेल. आणि सेल काढताना भिंतीतली वायर काढलेली हवी. वायर लागलेली असेल तर बोर्डाला स्टँडबायची वीज मिळत राहते आणि काही पुसलंच जात नाही. हेही मागच्या वेळी लिहिलं नव्हतं.

प्रश्न : माझ्या लॅपटॉपचा मदरबोर्ड बदलून आणला. चालू केल्यावर निळ्या पडद्यावर 'बिटलॉकर रिकव्हरी की' मागतो. मी कधी असला पासवर्ड ठेवलेलाच नाही. दुरुस्ती केंद्रातला मुलगा म्हणतो, फॉरमॅट मारतो, पाच मिनिटांचं काम. आत माझ्या चार अशिलांचे जीएसटीचे हिशेब आहेत.
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : वहिनी, लॅपटॉप त्या मुलाच्या हातात देऊ नका. आधी हे वाचा.

तुम्ही पासवर्ड ठेवला नाही हे खरंच. अलीकडच्या लॅपटॉपवर विंडोज सुरू करताना मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉग इन केलं की डिस्क बहुधा न विचारताच कुलूपबंद होते. कुलपाची किल्ली बोर्डावरच्या टीपीएम नावाच्या चिपमध्ये किंवा प्रोसेसरमधल्या तशाच भागात राहते. रोज ती स्वतः दार उघडते, म्हणून तुम्हाला कुलूप आहे हेच कळत नाही. बोर्ड बदलला, किल्ली जुन्या बोर्डाबरोबर गेली. आता डिस्क नव्या माणसाला विचारतेय, तू कोण? चोराने डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली तरी ती असंच विचारेल, म्हणून ही सोय मला मनापासून आवडते. फक्त त्या वेळी कोणीतरी मराठीत दोन ओळी सांगायला हव्या होत्या.

दुसरी किल्ली 48 आकड्यांची, सहा-सहाच्या आठ गटांत. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात आपोआप ठेवली गेलेली असते. मोबाइलवरून त्या खात्यात लॉग इन करा, डिव्हाइसेसच्या यादीत लॅपटॉप निवडा, 'रिकव्हरी की' बघा. एकापेक्षा जास्त दिसल्या तर निळ्या पडद्यावर छापलेल्या की आयडीची पहिली आठ अक्षरं जुळवून बघा.

तिथे काहीच नसेल तर हताश होण्याआधी आठवा, लॅपटॉप घेतला त्या दिवशी तो सुरू कोणी करून दिला? मागच्या दिवाळीत एका गिऱ्हाइकाची किल्ली अशी सापडली नाही. दोन दिवस शोधल्यावर कळलं, पुण्याला शिकणाऱ्या मुलाने घाईत स्वतःच्या ईमेलने विंडोज सुरू करून दिली होती. किल्ली तीन वर्षं त्याच्या खात्यात आणि आई इकडे स्वतःच्या खात्यात शोधतेय. तेव्हा मुलगा, पुतण्या, दुकानदार, सगळ्यांना विचारा. लॅपटॉप कंपनीने दिलेला असेल तर त्यांच्या संगणक विभागाकडे किल्ली असू शकते.

आणि कुठेच मिळाली नाही तर खोटा धीर देत नाही. किल्लीशिवाय तो डेटा उघडत नाही. मायक्रोसॉफ्टही उघडू शकत नाही, मीही नाही. 'आम्ही तोडून देतो' म्हणणारा भेटला तर पैसे देऊ नका. पण फॉरमॅटला घाई कसली? चार महिन्यांनी मुलाला जुना ईमेल आठवला तर डिस्क शाबूत हवी. लॅपटॉप आजच हवा असेल तर नवी एसएसडी घालून चालवा आणि जुनी कापडात गुंडाळून कपाटात ठेवा. मात्र काही पातळ लॅपटॉपांत एसएसडी बोर्डालाच डकवलेली असते. तसा असता तर बोर्ड बदलल्याबरोबर डिस्कही गेली असती आणि किल्ली मागितलीच नसती. म्हणजे तुमची सुटी आहे, ही चांगली बातमी.

बोर्ड किंवा बायॉस बदलणार असाल तर आधी कंट्रोल पॅनलमधून बिटलॉकर 'सस्पेंड' करा किंवा निदान ते 48 आकडे वहीत उतरवून घ्या. होम आवृत्तीत हीच सोय सेटिंग्जमध्ये 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' नावाने असते, तिथून ती बंद करता येते.

प्रश्न : माझ्याकडे एच-110 बोर्ड आहे, सहाव्या पिढीचा आय-थ्री. पुतण्याच्या मशीनमधला आठव्या पिढीचा आय-फाइव्ह मोकळा झाला. दोघांचं सॉकेट 1151 च. बरोबर बसला, खाचा जुळल्या. पण डिस्प्ले नाही. जुना घातला की येतो.
— एक वाचक, बार्शी

उत्तर : काका, बसला म्हणजे नांदला असं नाही. इंटेलने सहाव्या-सातव्या आणि आठव्या-नवव्या पिढीला सॉकेटचं नाव एकच ठेवलं, पण 2017 साली आठवी पिढी आणताना पिनांची आतली वाटणी बदलली. तिला 300 मालिकेचा बोर्ड लागतो. एच-110 चालत नाही. बायॉस अद्ययावत करूनही नाही, म्हणून त्यात रविवार घालवू नका. सातव्या पिढीपर्यंतचा प्रोसेसर तुमच्या बोर्डावर चालतो, सातव्यासाठी आधी बायॉस नवा लागेल. मुंबईत लॅमिंग्टन रोडला सहाव्या-सातव्या पिढीचे वापरलेले आय-फाइव्ह मिळतात, पुतण्याचा देऊन बदली मिळाली तर बघा. जुना परत घालताना सॉकेटातल्या पिना तिरप्या उजेडात बघून घ्या. केसासारख्या असतात. एक वाकली की रॅमची एक बाजू गायब.

प्रश्न : नुसतं कॅबिनेट बदललं, बाकी सगळं जुनंच. आता बटण दाबलं की पंखा अर्धा फेरा फिरून थांबतो. एका दुकानात सांगितलं, मदरबोर्ड शॉर्ट झाला, नवा घ्या.
— एक वाचक, अलिबाग

उत्तर : शॉर्ट झाला असं म्हणण्यापेक्षा शॉर्ट होतोय असं म्हणू. या दोन वाक्यांत एका बोर्डाच्या किमतीचा फरक आहे.

नव्या कॅबिनेटच्या पत्र्यावर पितळी ठोकळे असतात, त्यांच्यावर बोर्ड टेकतो. बोर्डाला जिथे भोक नाही तिथेही एखादा ठोकळा कारखान्यातूनच लावून आलेला असतो. तो बोर्डाच्या पाठीवरच्या टाक्यांना टोचतो, वीज पत्र्यात जाते आणि एसएमपीएस स्वतःला वाचवायला झटकन बंद होतो. अर्धा फेरा म्हणजे बहुधा तेच.

बोर्ड बाहेर काढा. तो ज्या खोक्यातून आला ते पुठ्ठ्याचं खोकं असेल तर त्यावर ठेवा, नसेल तर कोरडा पुठ्ठा. चंदेरी पिशवीवर नको, ती बाहेरून वीज वाहू शकते. प्रोसेसर, त्याचा पंखा, रॅमची एकच पट्टी, एसएमपीएस आणि मॉनिटर, बस. डिस्क नको, यूएसबी नको, कॅबिनेटचं बटणही नको. पॉवर स्विचच्या दोन पिना स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडा. जुलै 2021 च्या पुरात आमच्या बाजारपेठेत पाणी शिरलं, तेव्हा गाळातून काढलेले बोर्ड धुऊन, वाळवून मी अंगणात पुठ्ठ्यांवर असेच एकेक चालू करून बघितले होते. जे मेले म्हणून लोकांनी टाकून दिले होते त्यांतलेही काही उठले.

पुठ्ठ्यावर उठला तर दोषी कॅबिनेट. ठोकळे मोजा, बोर्डाच्या भोकांशी जुळवा, जादा असेल तो पकडीने काढा. पुठ्ठ्यावरही तेच झालं तर पंखा आणि त्याचे क्लिप बघा, मग दुसरा एसएमपीएस लावून बघा.

आणि प्रोसेसरशेजारचा 4 किंवा 8 पिनांचा 12 व्होल्टचा जोड लागलाय ना? तो राहिला तर बहुतेक वेळा पंखे छान फिरत राहतात, फक्त डिस्प्ले येत नाही. तुमचं लक्षण वेगळं आहे, तरी विचारते, कारण दुकान काढल्यावर काही वर्षांनी गुहागरला एका डॉक्टरांकडे मी चार तास घालवले होते. रॅम बदलली, सेल काढला, शेवटी बोर्ड गेला असं सांगून घरी आले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या कंपाउंडरने फोन केला, "ताई, ही एक पिवळी-काळी वायर लोंबत होती, मी लावली. चालू झाला." तेव्हा दवाखान्याचे पैसे घेतले नाहीत, एसटीचं भाडं माझ्याच खिशातून गेलं.

पुठ्ठ्यावर काय झालं ते कळवा. दिव्याचा रंग आणि बीप मोजून लिहा.